ठकीच्या मशीनमध्ये वाळू

सोमवार, ५ जानेवारी
दुपारी गाडीखाली होतो, तेव्हा सुमनचा फोन. "अहो, परत अडकलं." ठकीचं मशीन. अर्धं फिरतं, थांबतं, नारिंगी दिवा लुकलुकतो, मग उलटं फिरून जागेवर येतं. म्हटलं, बंद करून चालू कर. ते तिनं केलंच होतं. म्हटलं, आता हात लावू नको, मी आल्यावर बघतो.
"तुमी परवा येणार."
आज-उद्या मुक्काम इंदापूरलाच, एसटीच्या डेपोत. रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेत, गाड्या उशिरा येतात, त्या आल्या की आमचं काम. मांजराला दोन दिवस त्याच घाणीत जावं लागणार.

मंगळवार, ६ जाने.
गाडीचा बिघाड कागदावर मांडतो तसा हा मांडतो, म्हणजे डोकं चालेल.
मशीन म्हणजे प्लास्टिकचा मोठा गोल डबा. मांजर आत जातं, खालचा काटा वजन घेतो. मांजर बाहेर पडलं की थोड्या वेळानं डबा आपला आपण फिरतो. घाणीचे गोळे जाळीतून खालच्या खणात पडतात, स्वच्छ माती वर राहते. खण दोन-तीन दिवसांनी मी रिकामा करतो. मीच. सुमननं त्याच्या जवळही जायचं नाही.
तिला किडनी बसवून दीड वर्ष झालं. शरीरानं ती नाकारू नये म्हणून गोळ्या, आणि त्याच गोळ्यांनी अंगातली रोगाशी भांडायची ताकद जाते. डॉक्टर स्पष्ट बोलले होते: मांजर ठेवायचं तर घरातच ठेवा, उंदीर खाऊ देऊ नका, घाण दुसऱ्यानं काढायची. दुसरा म्हणजे मी. मी निम्मा आठवडा इंदापुरात. म्हणून लेकीनं पुण्यात कुणाचं तरी वापरलेलं मशीन बघून पाठवलं.
ठकी द्यायची नाही, हे सु.नं तेव्हाच सांगितलं होतं. डायलिसिसची तीन वर्षं ठकी तिच्या पायाशी होती. आम्ही बाकीचे येऊन-जाऊन.

बुधवार, ७ जाने.
घरी, जळोचीत. चहा पण न घेता बसलो. डबा उचलला, खालची धूळ पुसली, डोळ्यासारखे दोन सेन्सर कापसानं पुसले. एका पायाखालची फरशी दबलीय, म्हणून खाली प्लायवूड घातलं. डबा रिकामा करून काटा शून्यावर आणला. तीनदा फिरलं. चौथ्यांदा तिथंच अडकलं.
सु. स्वयंपाकघराच्या दारात मास्क लावून बसली होती. "डावीकडनं कुरकुर येतीय बघा." मला ऐकू आली नाही. तीस वर्षं इंजिनाचे आवाज ऐकून कान गेलेत. डबा हातानं फिरवला तर डावीकडं, मोटरपाशी, खरखर हाताला लागली; तिचं बरोबर होतं.

शुक्रवार, ९ जाने.
कंपनीला फोन. हिंदी बोलणारी पोरगी, आवाजानं चांगली. प्लग काढून दहा मिनिटं थांबा म्हणाली. थांबलो. व्हिडिओ पाठवा म्हणाली. पाठवला. संध्याकाळी मेसेज: या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत.
आमच्या डेपोतल्या निम्म्या गाड्यांचे पण येत नाहीत. त्या चालतातच.

शनिवार, १० जाने.
मोटर काढून पिशवीत घातली आणि ड्यूटीला जाताना युनूसभाईकडं टाकली. इंदापूर स्टँडच्या मागं दुकान, पंखे, टीव्ही, मिक्सर, काय म्हणाल ते. त्यांनी फिरवून बघितली, कानाला लावली. म्हणाले, "सोमवारी या, मिस्त्री. आत काय तरी खातंय हिला."
तोवर मशीन म्हणजे नुसता डबा. पुढच्या आठवड्यातले मुक्काम डेपोतल्या मोरेला देऊन टाकले, त्याचे मी पुढं करीन. रोज घरी येणार आणि हातानं काढणार. सु.ला बजावलं. मान हलवली तिनं.

सोमवार, १२ जाने.
युनूसभाईंनी मोटरची पेटी उघडून वर्तमानपत्रावर उलटी केली. बारीक वाळू पडली. चमचाभर तरी.
"मिस्त्री, ही कुठनं आली?"
मला माहीत होतं कुठनं आली. डिसेंबरात मातीचं पार्सल आलं नाही, तेव्हा मागच्या बांधकामावरची वाळू चाळून मी भरली होती. दहा-बारा दिवस. म्हटलं, माती काय नि वाळू काय. वाळूचे गोळे होत नाहीत. वजन जास्त, म्हणून मशीनला वाटायचं मांजर आतच बसलंय. वर ती खाली झिरपून गरारीत गेली. प्लास्टिकचे दाते झिजून गुळगुळीत.
एखाद्या ड्रायव्हरनं गाडीत असलं काही घातलं असतं तर मी त्याची लाज काढली असती. युनूसभाई एवढंच म्हणाले, "बघतो काय बसतंय का."
सु.ला सांगितलं नाही. उद्या सांगीन.

मंगळवार, १३ जाने.
सांगितलं नाही.
दुसरीच काळजी. काल एक गोळा, आज एक. ठकी दिवसाला तीन-चारदा जाते. बद्धकोष्ठ झालं असेल का? पोट दाबून बघितलं तर बोचकारलं. खाते तर नीट.

बुधवार, १४ जाने. संक्रांत.
जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. खाते का? हो. खेळते का? हो. उलटी? नाही. "मग होत असणार हो. कुठं तरी कोपऱ्यात करत असेल, घर हुडका." कपाटामागं, जिन्याखाली, गाद्यांमागं बघितलं. काही नाही.
सु. म्हणाली, "बसा की जरा. सणाचं काय शोधताय?"
दुपारी शोभाताई वालचंदनगरहून तिळगूळ घेऊन आल्या. सु.ची थोरली बहीण. किडनी त्यांची. ठकीकडं बघून नेहमीचं, "हाय का अजून ही?" सु. हसली. मी पण हसलो.

गुरुवार, १५ जाने.
गाडी लवकर मिळाली. साडेचारला घरी. दार उघडंच होतं.
सु. डब्यापुढं उकिडवी. मास्क, भांडी घासायचे रबरी हातमोजे, हातात जाळीचा झारा. पिशवीत गोळे टाकत होती. ठकी शेजारी बसून बघत होती.
मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. शेजारच्या वहिनी बाहेर आल्या.
तिनं पिशवीला गाठ मारली, हातमोजे काढले, साबणानं हात धुतले, दोनदा, मी ओरडत असताना. मग म्हणाली, "शनवारपासनं करतीय. तुमाला एक ठेवत होते, संशय नको म्हणून."
का?
"तुमी येता तवा तुमाला चपला काढायचं पण त्राण नसतं."
म्हटलं, ते माझं मी बघीन.
"साडेचार वर्षं सगळ्यांनी माझंच केलं, अहो. धुणं तुमी, भांडी तुमी, पाणी पण हातात. मी नुसती बसून. एक काम माझ्या हातानं केलं."
ठकी पायात घोटाळत राहिली.
मग मी वाळूचं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "मंजी तुमी बी लपवत होता?"

शुक्रवार, १६ जाने.
रजा टाकली. बोलणं नाही. तिनं चहा केला, मी प्यालो. दुपारी तिचं अंग कोमट लागलं. थर्मामीटर ९९.६. तासानं परत ९९.६. गाठोडं बांधलेलंच असतं आमचं, फाइल, गोळ्या, टॉवेल. गेलो.
किडनीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. हातमोज्यांचं पण. ते सु.कडं बघून शांतपणे म्हणाले, "मावशी, मी मांजर ठेवायला हो म्हणालो, ते तुमच्या तोंडाकडं बघून." सु.नं मान खाली घातली. रक्त घेतलं. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते त्याचा, रिपोर्ट उद्या. मांजराच्या जंतूची तपासणी बाहेर जाते, तिला आठवडा-दहा दिवस.

शनिवार, १७ जाने.
क्रिएटिनिन आहे तिथंच. ताप उतरला. साधा सर्दीचा असेल, नसेल. दुसरा रिपोर्ट आल्याशिवाय डॉक्टर काही बोलत नाहीत.
शोभाताईंना फोन मी केला. सु. नको म्हणत होती. पण त्यांना माहीत असायला पाहिजे. आणखी लपवाछपवी नको.

रविवार, १८ जाने.
पहिल्या गाडीनं शोभाताई आल्या. पाणी पण घेतलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "दत्तूराव, मी सोताला कापून घेतलंय. घरी कुणी हो म्हणत न्हवतं, तरी. मांजराच्या घाणीत घालायला न्हाय."
त्यांचं खरं होतं.
सु. म्हणाली, "ताई, पोट माझं हाय."
"व्हय. पर आतलं माझं हाय."
शोभाताईंना रडू आलं, मग सु.ला. दोघी एका पलंगावर, दोन टोकांना. मी चहा ठेवला, आणि तो उतू गेला.
जाताना शोभाताईंनी ठकीला भाजीच्या टोपलीत घातलं, वर ओढणी बांधली. रिपोर्ट येईपर्यंत वालचंदनगरला. सु.नं टोपलीला हात लावला नाही. स्टँडपर्यंत टोपली मीच धरली. आत एकदाही ओरडली नाही ती.

मंगळवार, २० जाने.
ड्यूटी. हात चालतात, डोकं नाही. एका गाडीची ब्रेकची जोडणी दोनदा तपासली, मग मोरेला पण बघायला लावली.
युनूसभाईंनी बोलावलं. लहान पोरं बसून चालवतात त्या बॅटरीच्या गाडीतली मोटर गरारीसकट बसवलीय. दांडा कानशीनं घासून मापात आणलाय. म्हणाले, "आवाज करेल. पण थांबणार नाही." मांजर कसं आहे विचारलं. घरी नाही, गावाला गेलंय म्हटलं.
संध्याकाळी शोभाताईंचा फोन. खात नाही ठकी. पलंगाखालनं बाहेर येत नाही. "दूध दिलं, मासा दिला. आता काय, माझा जीव देऊ का तिला?" सु. स्पीकरवर ऐकत होती. म्हणाली, "ताई, तिच्याशी बोल जरा. ती बोलल्याशिवाय खात न्हाय." पलीकडं शोभाताई पलंगाशी खाली बसल्या वाटतं. मग, "काय बोलू?"

गुरुवार, २२ जाने.
मोटर बसवली. डबा खरवडून, उकळत्या पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवला. कोपऱ्यातली वाळू टूथब्रशनं काढली. अजून निघतेच.
वजनाला मांजर नाही. तूरडाळीची पिशवी आणि थोडे कांदे, मिळून चार किलो, ठकीएवढं, आत ठेवलं. काट्यानं ओळखलं. पिशवी काढली. थांबलो. फिरलं, पूर्ण, आवाज केवढा, पण पूर्ण. परत डाळ आत, डाळ बाहेर. सात वेळा.
सु. दारात. सातव्या वेळी म्हणाली, "डाळीला आवडलं वाटतं." आठवड्यात पहिल्यांदा काही बोलली असं.
मग बसलो दोघं. ती म्हणाली, रिपोर्ट काय यायचा तो येऊ दे. ठकी येवो, न येवो. पण मला काहीतरी द्या. रोज करायचं, माझं म्हणून, जे मी केलं नाही तर राहील असं.
विचार करतो म्हटलं. डॉक्टरांना विचारू म्हटलं. तिला ते उत्तर वाटलं नाही. मला पण नाही.

शनिवार, २४ जाने.
रिपोर्ट नाही. सोमवारी सुट्टी, म्हणजे मंगळवार धरून चाला म्हणाले.
शोभाताई म्हणतात, थोडं खाते आता. त्यांच्या नवऱ्याची चादर ओढून त्यावर झोपते. त्यांनी हे तक्रारीसारखं सांगितलं. तक्रार वाटली नाही.

रविवार, २५ जाने.
सुट्टी. अंग दुखतंय, मोरेच्या ड्यूट्या फेडतोय.
सकाळी शोभाताईंचा फोन, दुपारच्या गाडीनं येते म्हणाल्या. बरोबर कोण ते बोलल्या नाहीत. सु.नं विचारलं नाही. मी पण नाही.
सु. म्हणाली, "माती भरून ठेवता का? आणि तुमीच भरा." नव्या पार्सलची भरली. काटा शून्यावर आणला. एकदा फिरवून बघितलं. हिरवा दिवा.
दोनच्या सुमाराला चपला घालायला उठलो, स्टँडवर जायला. तर ती दारात. साडी बदललेली, मास्क लावलेला, खांद्याला पर्स. पर्स कुठून काढली कोण जाणे.
"मी जाते ताईला आणायला."
म्हटलं, ऊन आहे. गर्दी असते स्टँडवर.
"रिक्षा सांगितलीय मी. दारात यील. तुमी बसा."
किडनी बसवल्यापासून ती एकटी कुठं गेलेली नाही. त्याच्या आधी पण तीन वर्षं नाही. माझ्या तोंडात सतरा गोष्टी आल्या. मास्क काढू नको, पाण्याची बाटली, फोन चार्ज आहे का. एकच बोललो, "सॅनिटायझर?" तिनं पर्स थोपटली.
रिक्षा आली. गेली ती. मागं वळून बघितलं नाही.
तीन वाजून दहा. गाडी आली असणार. फोन करायला हात गेला, परत ठेवला. बसलोय.