बाईंचे सागाचे फासे

बाई, तुम्हाला वारून तिसाच्या वर वर्षं झाली. तरी तुमच्यासमोर बसल्यासारखं लिहिते आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगावं असं हे नाही. आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी नंदनवन वस्तीतल्या आपल्या शाळेत चौथीत होते. गणिताचा तास आला की मी शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे. पाढे म्हणताना माझे नुसते ओठ हलतात, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात ओळखलंत. मारलं नाहीत. सोमवारी पिशवीतून सागाचे आठ फासे काढलेत, सुताराकडून कापून आणलेले, तापल्या खिळ्याने ठिपके पाडलेले. वर्गाचे चार गट केलेत. दोन फासे टाकायचे, येईल ती बेरीज पाटीवर मिळवत जायची आणि नेमकं शंभरावर थांबायचं. पुढे गेलं तर तेवढं वजा. महिन्याभरात मी सगळ्यांच्या आधी ओरडून उत्तर सांगते आहे. एकदा विचारते, "बाई, सातच काहून जास्त येऊन राहिले?" तुम्ही माझ्या हातात खडू देता. "मले काय विचारतं? फळ्यावर मांड ना वं." मी मांडते. एक-सहा, दोन-पाच, तीन-चार, मग तेच उलटे. सातच्या सहा जोड्या, बाराची एकच. "डोकं आहे तुले," तुम्ही म्हणालात. तोवर मला असं कुणीच म्हटलं नव्हतं.

त्याच डोक्याने मी दोन फासे फ्रॉकच्या खिशात घातले. मधल्या सुट्टीत, शाळेच्या मागच्या भिंतीपाशी, पोरींना चिंचोके लावायला लावले. प्रत्येकीने एक आकडा मागायचा, जिचा येईल तिने सगळे चिंचोके न्यायचे. सात जास्त येतं हे मला कळलं होतं आणि मी सातच मागायचे. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी पकडलं. तुमच्या वर्गातला गोंगाट त्यांना आधीपासून खुपत होता. मला वर्गात आणून सगळ्यांसमोर उभं केलं. "हा जुगार कोणी शिकवला?" तुम्ही फळ्याजवळ उभ्या होतात. मी म्हटलं, "बाईंनी. चिंचोके लावायचंही त्यांनीच सांगितलं."

आता तुम्ही 'हे खोटं आहे' म्हणाल, म्हणून मी खाली पाहत राहिले. तुम्ही म्हणालात, "पोरगी घाबरून गेली आहे, सर. तिला बसू द्या." तास सुटल्यावर व्हरांड्यात मला थांबवून एवढंच विचारलंत, "काहून वं?" मी पळाले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तुमच्या जागी दुसरे सर आले. संस्थेने तुम्हाला नरखेडकडच्या एका खेड्यातल्या शाळेवर पाठवलं होतं. तुमची आई अंथरुणाला खिळलेली होती, तिला नेता आलं नाही, आणि त्याच हिवाळ्यात ती इथे शेजाऱ्यांच्या हातून पाणी पिऊन गेली, हे मला फार पुढे कळलं. मी मास्तरीणच झाले, बाई. तेहतीस वर्षं चौथीला गणित शिकवलं, सगळं घोकून घेऊन. नुसते ओठ हलवणाऱ्या पोरी मला दारातूनच ओळखू यायच्या. मी एकीलाही जवळ घेतलं नाही. वर्गात कधी फासा नेला नाही. उद्या एखादी माझ्याकडे बोट दाखवेल, याची भीती वाटायची. निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात सगळे चांगलं बोलले. मला त्यातलं एकही वाक्य आठवत नाही.

हे कागद घडी होऊन कपाटातच राहतील. पण एक कबूल करायचं आहे. डी.एड.ला असताना मी एकदा एसटीने तुमच्या गावी आले होते, माफी मागायला. तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात वह्या तपासत होतात. केस सगळे पिकलेले. मान वर करून विचारलंत, "कोणाची बहीण वं तू?" माझ्या तोंडून निघालं, "चुकून या गावात उतरली, बाई." तुम्ही आत जाऊन पाणी आणलंत आणि परतीच्या गाडीची वेळ सांगितलीत. गाडीला दोन तास होते. थांब्यावरून तुम्ही स्पष्ट दिसत होतात. मी शाळेकडे पाठ करून उभी राहिले.