सहा वर्षं पुरलेली बाटली

रविवार, १६ नोव्हेंबर
डोंबिवली

प्रिय आई,

तू जाऊन आठ महिने झाले, तुला एक ओळही लिहिली नाही. याबद्दल आधी क्षमा. डायरी रोज लिहिली. बाबांच्या गोळ्या बदलल्या, सईची परीक्षा झाली, गळका नळ दुरुस्त झाला, सगळं त्यात आहे. तुझं नाव तेवढं टाळलं. दुःखामुळे, असं म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. काय लिहावं ते कळत नव्हतं, एवढंच.

आज लिहायला कारण मिळालं. आज सकाळी मला कळलं, की तू मला सहा वर्षं फसवलंस!

थाई साटे आठवतंय ना? बाबांच्या भाषेत काड्यांवरची कोंबडी. मी ऑफिसच्या ट्रिपला बँकॉकला गेले आणि फिश सॉसची, म्हणजे मुरवलेल्या माशांच्या खारट पाण्याची, बाटली घेऊन आले, तिथून ते सुरू झालं. मी कृती लिहून तुझ्या फ्रीजवर चिकटवली. कोंबडीच्या मांडीच्या लांब पट्ट्या, नारळाचं दाट दूध, हळद, धणे-जिरे, गूळ, गवती चहाचा पांढरा देठ, फिश सॉस दोन चमचे. 'सपाट' असं लिहून खाली रेघही मारली होती. महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी तू कोंबडी मुरवायचीस, रविवारी मी ठाण्याहून येऊन तव्यावर भाजायचे. वर म्हणायचे, "बघ, तंतोतंत पाळलं की असं होतं!"

"हो गं बाई, सगळी कागदाचीच किमया," तू म्हणायचीस. मी ते कौतुक समजत होते.

तू गेल्यापासून बाबांचं जेवण तुटलंय. दूधभात, तोही अर्धा. कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. मागच्या आठवड्यात त्यांनी आपणहून मागितलं, "ती काड्यांवरची कर ना एकदा." मला बरं वाटलं. तुझ्या फ्रीजमधली बाटली फार जुनी झाली, म्हणून न उघडताच टाकून दिली. नवीन आणली. सगळं कागदाप्रमाणे केलं.

बाबांनी एक काडी अर्धी खाल्ली. "चांगली आहे," म्हणाले, "पण ही ती नाही." आणि दूधभात मागितला.

घरी जाऊन मी डायरीत कारणं लिहून काढली. कोंबडी वेगळ्या दुकानातली? नारळ जून? तवा? सगळ्यात सोपी गोष्ट मला का सुचली नाही? एक बाटली सहा वर्षं पुरते कशी! सगळं नोंदवून ठेवणारी बाई मी, आणि हे कधी दिसलं नाही.

आज पुन्हा घाट घातला. सकाळी मी नारळ वाटत होते, सई शेजारी पट्ट्या कापत होती. तिचा कोपर लागला आणि उघडी बाटली ओट्यावर आडवी झाली. सगळा सॉस सिंकमध्ये गेला. सईने बाटली उचलली नाही. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं.

बाबा दारात उभे होते. ते एकदम हसले. किती महिन्यांनी!

"अगदी आजीसारखी बघतेस गं!"

"म्हणजे?" सईने विचारलं.

"तिनेही सांडली होती. दुसऱ्याच महिन्यात. आणि अशीच दाराकडे बघत बसली, जशी काही तुझी आई आत्ता ठाण्याहून येऊन उभी राहणार."

"मग? ओरडा पडला?"

"कळलं तर पडेल ना! कोमट पाण्यात सोडे भिजत घातले, मीठ टाकलं, गुळाचा खडा टाकला, गाळून भरलं बाटलीत."

"सोडे म्हणजे ती वासवाली सुकी कोळंबी? आजी भारी होती यार!"

"मला शपथ घातली. मेघाला सांगाल तर बघा, म्हणाली, माझं डोकं खाईल. दर महिन्याला ताजं भरायची आणि चव बघायला मला पुढे करायची. बिघडलं असतं तर आधी माझा नंबर होता!"

दोघं हसत होते. मी ओटा पुसत होते. पुसून झाल्यावरही पुसत होते.

आई, तू मला घाबरायचीस? मी तुझ्यावर कधी आवाज चढवला नाही. हे मनात तीनदा तपासलं, खरं आहे. पण "कागदावर काय लिहिलंय?" हे किती वेळा विचारलं असेल? एकदा तू देठाऐवजी गवती चहाची पाती घातलीस, तर मी ती एकेक करून वेचून काढली. तुझ्यासमोर. तू शेजारी उभी राहून बघत होतीस. मी त्याला नीटनेटकेपणा म्हणत होते.

चुकलं तुझंही. सांगायचं होतंस! "सांडली, आता सोड्यांचं पाणी घालते," इतकंच. मी दोन दिवस फुगले असते, मग मुकाट्याने खाल्लं असतं. माझ्या कृतीपेक्षा तुझी चव वरचढ आहे, हे तुझ्याकडून ऐकायला मला आवडलं असतं. असतं का? खात्री नाही.

तू भरून ठेवलेली सोड्यांची बरणी बाबांनी वरच्या फळीवरून काढून दिली. पाणी किती, मीठ किती, त्यांना ठाऊक नव्हतं. अंदाजाने घातलं. दुपारी भाजायला घेतलं, काड्यांची टोकं जळाली, आणि घरभर तो वास पसरला, जो मी सहा वर्षं ऑफिसात डबा उघडून 'अस्सल थाई' म्हणून सांगत होते.

बाबांनी पाच काड्या खाल्ल्या. "खारट केलंस," म्हणाले आणि सहावी उचलली. "तिची थोडी गोड असायची."

जेवताना मी सईला म्हटलं, "सांडली तर सांडली. मी समोर नसताना सांडली, तरी सरळ सांगायचं."

"सांगितलंच असतं, मम्मा," ती पटकन म्हणाली. पण तेही आधी माझा चेहरा वाचून. सतरा वर्षांची आहे. माझ्यापासून लपवायला तिच्याकडे बाटलीपेक्षा मोठं काही नसेल, असं धरून चालणं मला आज जमत नाहीये.

यापुढे कोणाला टोकणार नाही, असं वचन देत नाही. ते दोन दिवसही टिकणार नाही. मला पाळता येईल तेवढंच देते: ज्यांना ज्यांना हे साटे माझं म्हणून खाऊ घातलं, त्या प्रत्येकाला सांगेन की ते तुझं होतं. आणि का लपवावं लागलं, तेही सांगेन.

तुझी,
मेघा

उद्या: सईला विचारायचं, माझी भीती वाटते का. तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही.