दुसऱ्याचा रिपोर्ट

३ फेब्रु., सोम., लातूर
हॉस्पिटलात किडनी प्रत्यारोपणाच्या नोंदी ठेवायचं नवं सॉफ्टवेअर आलं. महिनाअखेरपर्यंत जुनं सगळं त्यात चढवायचं. ज्या पेशंटचा दोन वर्षं पत्ता नाही, त्यांच्यापुढं 'संपर्क तुटला' लिहून मोकळं व्हायचं. नऊ नावं निघाली. आठ उरकली. नवव्यावर हात थांबला. सुमनबाई, निलंग्याच्या शाळेतल्या शिक्षिका. किडनी नणंदेची, गयाबाईंची.

त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा माझी नोकरी नवी. कॉम्प्युटर नव्हता, लांबडं रजिस्टर. त्यांच्या पानावर माझ्याच अक्षरात पेन्सिलीचा शेरा सापडला: 'दोघी फार हसतात. टाके ताणतील म्हणून सिस्टर रागावल्या.' असलं काही लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्याला जागाच नाही.

काय दिवस होते ते. नवऱ्याचा रक्तगट जुळेना. नणंद कायद्यानं जवळच्या नात्यात बसत नाही, म्हणून परवानगी देणाऱ्या समितीपुढं जावं लागलं. साहेबांनी विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव? गयाबाई म्हणाल्या, "दबाव कशाचा! वैनीच नको म्हनायली. तिलाच समजवा." मी कोपऱ्यात लिहीत होते. हसू आवरेना.

५ फेब्रु.
सुमनबाईंचा नंबर बंद. शाळा म्हणते, रिटायर होऊन गेल्या, कुठं ते माहीत नाही. शेवटी किडनी देणारीचा नंबर लावला. गयाबाईंनीच उचलला.
"रजिस्टरवाल्या ताई ना तुमी? आवाज वळखला."
वैनी कुठं असतात विचारलं. "बोलत न्हाई आमी. तिच्या पोराच्या लग्नापासून."
आणि फोन ठेवता ठेवता, "ताई, माझं ते चालू हाय का वो?"

८ फेब्रु., शनि.
सुट्टी. एसटीनं निलंगा, पुढं जीप. गयाबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. वाळल्यात फार. त्यांचाही फॉर्म भरला: वजन, बी.पी., त्रास काही? किती वर्षांत यांना आपण एक फोन केला नाही! घेणारीचं विचारत राहिलो, देणारीचा रकाना कोरा. लाज वाटली.

लग्नाचं त्यांनीच काढलं. "आहेरावरनं वैनी चारचौघांत बोलली मला. मंग मी बी बोलले, नव्या पाव्हण्यांपुढं. म्हनलं, माझ्या किडनीवर जगती आन् मलाच शिकिवती." सूप खाली ठेवलं. "तोंडातून गेलं ताई. माघारी कसं घ्यावं?"
भाच्याचा नंबर होता त्यांच्याकडं. कधी लावलेला नाही. मोबाइलच माझ्या हातात दिला, "घ्या लिहून."

१३ फेब्रु., गुरु., नांदेड
गयाबाईंच्या भाच्याशी, म्हणजे सुमनबाईंच्या मुलाशी, सोमवारीच बोलणं झालं होतं. सुमनबाई आता त्याच्याकडंच असतात. दार त्यांनीच उघडलं. "अगं तू! केस पिकले की तुझे." वर्गातल्या मुलीशी बोलावं तसं. मला एकदम ते जुने दिवस... असो.

पायावर सूज आहे. फाईल मात्र बाईंची! एकेक कागद तारखेनुसार. तपासण्या इथंच करतात, लातूरला यायचं तेवढं सुटलं. पण क्रिएटिनिन वर्षभर चढतंय. डॉक्टर म्हणालेत, किडनी दमली आता, बघू किती दिवस साथ देते.

म्हटलं, गयाबाई विचारत होत्या. हे त्यांना सांगू का?
"राग नाही गं माझा. राग केव्हाच गेला. पण वन्संना फोन केला की पहिलं हेच विचारणार. काय सांगू? तुम्ही दिलेलं मला सांभाळता आलं नाही, असं?"
"गोळी कधी चुकली का तुमची?"
"एकदाही नाही."
"मग?"
चहाचे कप उचलून आत गेल्या. निघताना एवढंच, "त्यांना नको सांगू."

१४ फेब्रु.
नोंद चढवली. संपर्कात. किडनी कार्यरत. आजच्या तारखेला खरंच आहे ते. 'दमली' असा पर्याय नसतो.

१७ फेब्रु., सोम.
गयाबाईंचा फोन.
"भेटली का?"
"भेटल्या."
"चालू हाय का?"
नियम सांगितला. दुसऱ्याचा रिपोर्ट मला सांगता येत नाही.
"दुसऱ्याचा? ताई, माझंच हाय की ते!"
इतकी वर्षं हा नियम सगळ्यांना बिनदिक्कत ऐकवत आले. आज पुन्हा म्हणवेना. म्हटलं, त्यांनाच विचारा. बारीक आवाजात, "म्हंजी बरं न्हाई." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण गप्प बसणं म्हणजे सांगणंच झालं की. सुमनबाईंचा शब्द मोडला का मी?

२१ फेब्रु., शुक्र.
ऑफिस उघडलं तर दारात गयाबाई, हातात पिशवी. नांदेडला निघालेल्या, लातुरात उतरून आधी माझ्याकडं. "पत्ता द्या." तोही देता येत नाही, म्हटलं. चिडल्या नाहीत. मोबाइल काढला नि माझ्यासमोरच भाच्याला लावला.
"आत्या?" पलीकडून इतक्या जोरात आलं की मला इथं ऐकू आलं.
"हाव, मीच. पत्ता सांग बाबा तुझा. आन् वैनीला खायला काय काय चालतं आता, ते बी सांग."
माझ्याकडं बघितलं नाही. कागदावर लिहून घ्यायला मात्र पेन माझंच मागितलं. त्यांना नीट लिहिता येईना, मीच लिहिलं. पत्ता, आणि खाली पथ्य.

स्टँडवर सोडायला गेले. अकराची गाडी. खिडकीतून म्हणाल्या, "दारातनं माघारी धाडलं तर?"
म्हटलं, तर माझ्याकडं या मुक्कामाला.

आता साडेचार. गाडी नांदेडला पोचून तास होऊन गेला असेल. फोन दोघींचाही नाही.