मेंदू पेढीला, सायकल दादाला

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, मेंदूच्या प्रयोगशाळेत संशोधक, डोकं जागेवर असताना आणि कोणी मागे लागलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं जागेवर असल्याचा पुरावा म्हणून स्कॅन जोडलाय. त्यातच एका रक्तवाहिनीला आलेला फुगा दिसतो. गुरुवारचं ऑपरेशन त्याचंच. सर्जन म्हणतात, बहुतेक लोक चालत घरी जातात. माझाही तोच बेत आहे. तरीपण.

इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण हे आई-बाबांनी स्वतः वाचायला हवं. चुका वरच्या मजल्यावरच्या वकीलकाकूंनी काढल्यात. राहिलेल्या माझ्या.

कलम १. सायकल दादाला. पुढचा ब्रेक नावापुरता आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक आईला, जाड दुलई बाबांना. (हे कलम खोडलंय. का, ते शेवटी.)

कलम ३. लॅबमधली माझी उशी पिपेटला, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला. मायक्रोस्कोपसमोर तिची पाठ भरून येते आणि ती कबूल करत नाही. फ्रीजरच्या खालच्या कप्प्यातले उंदरांच्या मेंदूचे काप कोणी फेकायचे नाहीत. लेबलं लागत नसतील तर पिपेटला विचारा, तिला माझं अक्षर वाचायची सवय आहे.

आणि माझा स्कॅन ‘निरोगी’ गटातून काढा. मशीन तपासायला कोणीतरी धडधाकट माणूस लागायचं आणि दर वेळी मीच उडी मारून आत झोपायचे. पेशंटचे मेंदू आम्ही माझ्याशी ताडून बघत होतो. सगळे सूज शोधत होतो, म्हणून फुगा कोणी पाहिलाच नाही. शेवटी नव्या टेक्निशियनबाईंनी विचारलं, “हे नॉर्मल म्हणून कोणाचं लावलंय?” मी हात वर केला.

कलम ४. काकांना माझा छापून आलेला पेपर. बाबांना स्ट्रोक आला तेव्हा मी शाळेत होते. डावा हात बधिर झाला, आणि तोच दुखायला लागला. टाचणी टोचलेली कळायची नाही, पण पंख्याची झुळूक लागली की भाजल्यासारखं व्हायचं. काका सगळ्यांसमोर म्हणाले, “बधिर आहे म्हणतोस, दुखतंय म्हणतोस. एक काहीतरी ठरव.” बाबांनी हात टॉवेलखाली घेतला. त्यानंतर कोणापाशी त्यांना कण्हताना मी ऐकलं नाही.

काका, दोन्ही एकदम होतं. हाताला काही झालेलं नाही, दुखणं मेंदूतल्या जखमेपाशी आहे. एकदा चहाला या आणि बाबांना एवढं सांगा. माफी नाही मागितलीत तरी चालेल.

कलम ५. माझा मेंदू संशोधनासाठी मेंदूपेढीला, म्हणजे दान केलेले मेंदू जपून ठेवणाऱ्या ब्रेन बँकेला.

स्ट्रोकनंतर मेंदूतल्या राखणदार पेशी साफसफाईला धावतात. काही जणी काम संपलं तरी हलत नाहीत, तिथेच धुमसत बसतात. बाबांचं दुखणं त्यांनीच जागं ठेवलंय असा माझा संशय आहे. पण उंदराला ‘कुठे दुखतंय’ विचारता येत नाही, माणसाचेच मेंदू लागतात. आणि ताडून बघायला तरुण माणसाचा मेंदू पेढीत सहसा नसतोच. माझी फुग्याची बाजू सोडा, दुसरी कामाची आहे.

अडचण एकच. घरचे नको म्हणाले तर मी काहीही लिहिलेलं असो, पेढी घेत नाही. आणि आई नको म्हणत होती.

“जन्मभर एका जागी बसली नाहीस. गेल्यावर तरी अख्खी राहा.”

“आई, बाबांच्या हातासाठी गं.”

“त्यांच्या हाताला मी आहे.”

मी कलम तसंच ठेवलं आणि कागद वर तपासायला दिला.

आज वकीलकाकू कागद घेऊन खाली आल्या. आईने पहिल्यापासून वाचला. चौथ्या कलमापाशी थांबली, बाबांकडे बघितलं. बाबांनी टॉवेल बाजूला केला आणि हात टेबलावर ठेवला. पंखा चालू होता.

आई उठली, पंखा बंद केला आणि म्हणाली, “साक्षीदार म्हणून मी सही करते. मग कोणी विचारायला नको.”

“वहिनी, ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये,” काकू म्हणाल्या. “त्याचा वाटा बुडतो. नवऱ्याचासुद्धा.”

“मग आम्हाला दोघांना काही देऊ नका.”

“खोड माझं,” बाबा म्हणाले. “ती दुलई तशीही टोचते.”

म्हणून कलम २ खोडलं. ते सगळं दादाला. दादा, तू फार काही केलेलं नाहीस, तरी.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा रविवार

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिली: वकीलकाकू (सही)

साक्षीदार दुसरी: आई (सही)
कलम पाच वाचलं. मान्य आहे. पण गुरुवारी ऑपरेशन झालं की आधी घरी यायचं.