पसाऱ्यात राहिलेलं

महाल, नागपूर
१८ नोव्हेंबर १९७४

श्री. रुपराव यांस नमस्कार.

लग्न झाल्यापासून उखाण्यापुरतंच तुमचं नाव घेतलं. आज लिहिलं, तर काही जड गेलं नाही.

मी बरी आहे. तुमचे धाकटे भाऊ, धोंडबाभाऊजी, तुमचं पत्र देऊन गेले. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून दारातच उभे राहून चहा प्याले.

शिवणकाम चांगलं चाललं आहे. कापडं जमिनीवर, चिंध्यांचा ढीग खाटेखालून बाहेर येतो. घरमालकीण सिंधूताई आधी कुरकुरायच्या. पण एकदा त्या ढिगात हिरव्या छिटाचा तुकडा जांभळ्यावर पडलेला दिसला. तसाच जोडून एका गिऱ्हाइकाच्या पोरीचा फ्रॉक शिवला. आता धरमपेठेतल्या बायका तसले फ्रॉक मागायला रिक्षा करून येतात. घड्या घालून ठेवले असते तर ते दोन तुकडे एकमेकांजवळ आलेच नसते.

खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये तुम्ही पेलेसुद्धा उंचीने लावायचे. आपल्या जयाचा खुळखुळा खाली दिसला की खिळ्याला टांगायचे. तिचा हात पोचत नसे.

ती तापात गेली. चौथ्या दिवशी मी ग्लानीत पडले असताना तुम्ही तिचे कपडे, पाळणा, खुळखुळा, सगळं मागच्या आवारात जाळलं. मी उठून विचारलं, "काहून जाळलं?"

"डोयासमोर राहिलं तं तू रडतच बसशील. पाह्य, घर कसं साफ झालं."

खरंच झालं होतं. मी घर सोडून निघाले तेव्हा तुम्ही दारातल्या चपला सरळ करत होता.

आता लिहिता, तिचा चेहरा आठवत नाही, रात्री झोप लागत नाही, तिचं काही उरलं असेल तर पाठव.

उरलं आहे. दिवाळीच्या कामात पिवळं कापड शोधताना खापरखेड्याहून आणलेलं चिंध्यांचं गाठोडं उपडं केलं, त्यात तिचं झबलं निघालं. बाही उसवली होती, मग शिवू म्हणून टाकलं अन् विसरले. जागच्या जागी ठेवलं असतं तर तेही जळलं असतं.

ते पाठवणार नाही. धोंडबाभाऊजींनाही दाखवलं नाही. तुम्ही स्वतः आलात तरी दारातूनच परत पाठवीन. रडायला काही हवं असेल तर तुमच्या साफ घरात शोधा.

उत्तर लिहू नका.

जयाची आई,
भागीरथा