कूलरवरची टेप

प्रिय ठमीच्या बाबा,

तुझं नाव लिहायला हात वळेना, म्हणून लेकीच्या नावानेच हाक मारते आहे. घटस्फोटानंतर आपण बोललो ते तिच्या तापाविषयी नाहीतर शाळेविषयी. आता शाळा संपली आणि ताप ती अंगावरच काढते, त्यामुळे आपल्याला बोलायला काही उरलंच नव्हतं. परवा तू तिला फोन करून रविवारी ट्रॅकवर तुझी गाडी चालवायला बोलावलंस, तेव्हापासून पोरीचे पाय जमिनीवर नाहीत. मी नाही म्हटलेलं नाही, घाबरू नकोस. म्हटलं असतं तरी ऐकतंय कोण? खाण तशी माती.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. अजून बस डेपोच्या वर्कशॉपमध्येच आहे. बसची इंजिनं स्वभावाने गरीब, त्यांना कुणाला हरवायचं नसतं. गुडघे मात्र आता कुरकुरतात. ड्रायव्हर मला मागून 'मास्तरीणबाई' म्हणतात, कारण कुणी थंड इंजिन रेटलं की मी त्याला चारचौघांत झापते. ते निदान खाली मान घालून ऐकतात. तू हसायचास.

माझ्या बाबांच्या गॅरेजमध्ये तू पहिल्यांदा गाडी घेऊन आलास, तेव्हा पाण्याचा काटा जागेवर आला की तुला वाटायचं, झालं, तापली गाडी, आता दाबा! पाणी लवकर तापतं, तेल मागून सावकाश येतं, आणि इंजिनाचा जीव तेलात असतो, हे तुला मी शिकवलं. तेल थंड असताना जोर लावायचा नाही. फार तापलं की ते पातळ होतं, त्याचा दाब पडतो आणि मग आत लोखंडावर लोखंड घासतं. काटा चढायला लागला की वरचा गिअर टाकायचा, एखादी फेरी हळू काढायची, गाडीला वारा खाऊ द्यायचा. तू सगळं भराभर शिकलास. लोक म्हणायचे, काय हात आहे या माणसाचा! होताच तुझा हात तसा, ते मी आजही नाकारत नाही. मी त्या हातावरच तर भाळले होते.

आणि मग ती थंडीतली शर्यत. सकाळी तेल तापेना, म्हणून मी नेहमीसारखी तेल गार करणाऱ्या ऑइल कूलरच्या अर्ध्या तोंडावर टेप लावली, म्हणजे गार वारा कमी लागेल. ऊन चढल्यावर पहिल्या थांब्याला ती काढायची, हे दोघांचं ठरलेलं होतं. पहिला थांबा आला तेव्हा तू सगळ्यांच्या पुढे होतास, आणि तू ट्रॅक सोडून आत माझ्याकडे आलाच नाहीस. मी 'आत ये' अशी पाटी दाखवली. पुढच्या फेरीला पुन्हा दाखवली. त्याच्या पुढच्या फेरीला कठड्यावरून अर्धी बाहेर लोंबकळून दाखवली. तू पाहिलंस. पाहून नकारार्थी मान हलवलीस. तेलाचा काटा तुझ्या नाकासमोर लाल पट्ट्यात गेला होता. नुसती हळू चालवली असतीस तरी निभावलं असतं रे! पण पहिला नंबर सोडवेना. इंजिन फुटलं, तेल रस्त्यावर सांडलं, आणि मागून येणारा, हौसेखातर शर्यतीत उतरलेला तो शाळामास्तर त्यावरून घसरून भिंतीवर आदळला. त्या बिचाऱ्याच्या हातात कायमची काठी आली.

चौकशीत तू एवढंच म्हणालास की शर्यत सुटण्याआधी बायको टेप काढायला विसरली. टेप तर कूलरवर होतीच, सगळ्यांनी पाहिली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू मला बाजूला नेलंस. तुझं लायसन्स गेलं तर घर बसेल, दोष माझ्यावर आला तर गोष्ट घरातल्या घरात राहील, असं म्हणालास. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून मी गप्प बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. गोष्ट घरात कसली राहते? त्यानंतर एकाही गॅरेजने मला शर्यतीच्या गाडीला हात लावू दिला नाही. तू मात्र दुसरा मेकॅनिक आणलास, मग दुसरं घरही मांडलंस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, ते मला विचार.

पण हे उगाळायला पत्र लिहीत नाही. काल संध्याकाळी भांडी घासताघासता मी ठमीला तेलाचं सगळं समजावून सांगत होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मागून येऊन माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली. म्हणाली, आई, तू टेन्शन घेऊ नकोस, तेलाचं बाबा बघणार आहेत. तेव्हा तुझ्या हातून टेप राहिली, ते तू अजून मनाला लावून घेतलंयस. रविवारी पाटी घेऊन तू उभी राहू नकोस, असंही म्हणाली. रागाने बोलली असती तर मी भांडले असते. ती लाडाने बोलली. तू माझ्या पोरीला माझी कीव करायला शिकवलंस.

म्हणून हे पत्र. तुझी माफी मला नको, गेलेलं नावही नको. रविवारी पाटी तुझा मेकॅनिक धरू दे, मी घरी बसेन. पण ती गाडीत बसायच्या आधी तिला तुझ्या तोंडाने सांग, की त्या दिवशी आई बोलावत होती आणि मी आलो नाही. कारण ती तुझ्यासारखीच चालवते. ती पुढे असेल, काटा चढेल, तिला कुणीतरी आत बोलावेल, आणि बाबा तेव्हा थांबले नव्हते, चूक तर आईची होती, एवढंच तिला माहीत असेल. तू नाही सांगितलंस तर मी सांगेनच. पण माझ्यावर ती विश्वास ठेवणार नाही, आणि ते तूच करून ठेवलं आहेस.

तुझी आता कुणीच नसलेली,
ठमीची आई