तीन बिजागऱ्यांची चौकट

"डोळा धाकटीचा, तुझे नुसते हात." जुन्या लष्करी ट्रकच्या बॉनेटवर कोपर टेकून वडील हे एकदाच म्हणाले. मी सोळा वर्षांची होते. आज चव्वेचाळिसाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहायला बसले आणि आधी तेच आठवलं. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, एवढंच निमित्त.

१. राहतं घर भाचीला, धाकट्या बहिणीच्या लेकीला. ती आली की आधी माझ्या गळ्यात पडते, मग आईला पोचल्याचा फोन करते.

२. काच कापायची हत्यारं आणि वर्कशॉपमधलं बाकी सामान शेजारच्या वेल्डरला. त्याने नेलेला ग्राइंडर आता त्याचाच समजावा. तसाही तो परत करणार नव्हता.

३. वडिलांनी ट्रक धाकटीला दिला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हे वाक्य खोटं आहे, पण वकील म्हणाले, राहू द्या.

४. त्या ट्रकला समोरच्या काचेची, बिजागऱ्यांवर उघडणारी चौकटच नव्हती. मी शोधून दोन आणल्या. मापं घेतलेली, गंज घासलेला. पहिली बघून धाकटी लांबूनच म्हणाली, "ताई, ही नंतरच्या सालची. बिजागऱ्या मोज ना, आपल्याला तीन हव्यात!" दुसरीला तीन होत्या. "अगं, वायपरचं भोक खाली आहे!" म्हणून चार लोकांसमोर हसली. लोकही हसले.

तिसरी सहा वर्षांपूर्वी सापडली. एका भंगारवाल्याने तिला जाळी ठोकून कोंबड्यांच्या खुराड्याचं दार केलं होतं. बिजागऱ्या तीन, भोक वर. धाकटी अजून फोनवर म्हणते, "ताई, कुठे दिसली तर सांग हं." मी म्हणते, "सांगते की." चौकट माझ्या पलंगाखाली आहे.

५. ती चौकट धाकटीला. काल मी तिच्यात नवी काच बसवली. रेघभरही फट नाही. तिने ती ट्रकवर चढवावी आणि विचारणाऱ्याला सांगावं, ताईने शोधली.

सही: थोरली
साक्षीदार: शेजारचे डॉक्टर, वर्कशॉपच्या घरमालकीण
ठिकाण: वर्कशॉप. तारीख: १४ मार्च

ता. क. (दोन्ही साक्षीदारांसमोर) काच बसवताना खालच्या डाव्या कोपऱ्यात, ओल्या काळ्या सीलंटवर माझा अंगठा उमटला. तो धाकटीने तसाच राहू द्यावा, ही विनंती. ती ऐकणार नाही. डोळा तिचा. चौकट दारातून आत येतायेताच तिला तो दिसेल, आणि ती खरवडायला पातं शोधू लागेल.